टीव्ही घ्यायचा: खोली पाहून, काम पाहून, शिल्लक पाहून

(अलीगंज, लखनौ येथे मराठी कुटुंबांच्या बचत मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटलं असेल. बचतीच्या मेळाव्यात टीव्हीचं काय काम? पण जरा आठवून बघा. गेल्या चार-पाच वर्षांत घरात आलेली सगळ्यांत महाग वस्तू कोणती? बऱ्याच घरांत उत्तर येईल मोबाइल, फ्रिज किंवा टीव्ही. मोबाइल एकाचा असतो आणि फ्रिजबद्दल घरात फारसा वाद होत नाही. टीव्हीच्या बाबतीत मात्र मुलाला गेमसाठी एक हवा असतो, आईला सिनेमा-मालिकांसाठी दुसरा, आणि वडिलांना त्यालाच लॅपटॉप जोडून ऑफिसचं काम करायचं असतं. दुकानदार या तिघांचं समाधान एकाच वाक्यात करतो, "साहब, महीने का सिर्फ ढाई हजार." तिथे टीव्हीची निवड संपते आणि हप्त्याची निवड सुरू होते.

आज मला एवढंच सांगायचं आहे की टीव्हीचा आकार खोलीनं ठरवावा, प्रकार कामानं ठरवावा आणि किंमत आपल्या शिल्लकीनं. हप्त्याला यातलं काहीही ठरवू देऊ नये.

पूर्वी आणि आता

इथल्या जुन्या मंडळींना अपट्रॉन आठवत असेल. उत्तर प्रदेश सरकारची, आपल्या लखनौची कंपनी. ऐंशीच्या दशकात तिचे टीव्ही घरोघरी होते. त्या टीव्हीचं काम एकच, दूरदर्शन दाखवायचं. १९८५ पर्यंत तर टीव्ही बाळगायला पोस्टात परवान्याचे पैसे भरावे लागत. निवड सोपी होती, कारण निवडायला फारसं काही नव्हतंच.

आज नाका हिंडोल्याच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात शिरा. एकाच भिंतीवर तीस टीव्ही चालू असतात आणि सगळे झगझगीत दिसतात. त्याच आकाराचा एक पंचवीस हजारांना, तर दुसरा लाखाच्या पुढे. फरक कुठे आहे आणि त्यातला आपल्या उपयोगाचा किती, हे कळलं तरच पैसे वाचतात.

पहिलं काम: फूटपट्टी

दुकानात जाण्याआधी घरात टेप घेऊन बसा. जिथे टीव्ही लागणार ती भिंत आणि जिथे आपण बसणार ती जागा, यांतलं अंतर मोजा.

टीव्हीचे इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपे मोजतात. ४३ इंची म्हणजे सुमारे १०९ सेंटिमीटर तिरपे, पण रुंदी साधारण ९५ सेंटिमीटर. ५५ इंची म्हणजे रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर. कपाट आणि खिडकीच्या मधल्या जागेत तो बसतो का, हे घरीच बघा.

अंतरासाठी सोपा हिशेब असा. फोर-के टीव्हीवर सिनेमा बघायचा तर तिरप्या मापाच्या दीडपट अंतर चांगलं. ४३ इंचीला साधारण साडेपाच फूट, ५५ इंचीला सात फूट. अलीगंजच्या सेक्टरांतल्या घरांत बैठकीची खोली अनेकदा दहा-बारा फुटांची असते. सोफा भिंतीला लावला, तर पाहणारा आठ-नऊ फुटांवर बसतो. तिथे ५५ इंची शोभतो. पण झोपायच्या खोलीत पलंगावरून पाच फुटांवर बघणार असाल तर ४३ इंची पुरतो. त्याहून मोठ्याला दिलेले पैसे मान वळवण्यासाठी दिलेले असतात.

इथे बदलीवर आलेली कुटुंबंही बसली आहेत. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागातून सोनं-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी आलेली गलाई मंडळीही आहेत. तुम्हाला वेगळं सांगतो. तीन वर्षांनी सामान ट्रकमध्ये चढणार असेल, तर ६५ इंची टीव्हीचा विचार दोनदा करा. पॅनेल फुटलं तर ते बदलायचा खर्च अनेकदा नव्या टीव्हीच्या जवळ जातो आणि वॉरंटीत अशी फूट धरत नाहीत. टीव्ही कोणताही घ्या, मूळ खोका आणि आतला थर्माकोल जपून ठेवा.

दुसरं काम: टीव्ही कशासाठी?

घरातल्या सगळ्यांना बसवा आणि विचारा, रोज किती तास कोणतं काम? जे काम जास्त तासांचं, त्याला पहिला मान.

सिनेमा आणि मालिका. यात महत्त्वाचं आहे ते काळं किती काळं दिसतं. एलईडी टीव्ही म्हणजे मुळात एलसीडीच. मागे दिवे असतात आणि पुढचा पडदा तो उजेड अडवतो. क्यूएलईडी हाही त्याच जातीचा, फक्त रंग अधिक चांगले. ओएलईडीमध्ये प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, म्हणून अंधारातला प्रसंग खरोखर अंधारा दिसतो. तो महाग आहे. शिवाय एकच चित्र रोज तासन्‌तास तसंच राहिलं तर त्याचा डाग पडण्याची शक्यता असते. खोक्यावर 'एचडीआर' लिहिलेलं असतं, पण स्वस्त टीव्हीत पडद्याचा उजेडच कमी असल्यानं ते बरंचसं नावापुरतं राहतं. त्या शब्दासाठी जास्त पैसे देऊ नका.

गेम. इथे दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर. तो कमी करण्यासाठी टीव्हीत 'गेम मोड' असतो. तो नसेल तर मुलगा म्हणेल, टीव्ही अडकतो. दुसरी म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो. साधे टीव्ही ६० वेळा, महाग टीव्ही १२० वेळा. प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स असेल आणि फोर-केमध्ये १२० हवेच असतील, तर टीव्हीत एचडीएमआय २.१ ची जोडणी लागते. पण बहुतेक गेम ६० किंवा त्याहून कमी गतीनंच चालतात. मुलाकडे जुना कन्सोल असेल किंवा तो साध्या लॅपटॉपवर खेळत असेल, तर १२० चे पैसे वाया जातात. जाहिरातीतला 'मोशन रेट' हा आकडा वेगळा. त्यावर जाऊ नका. पडद्याचा खरा रिफ्रेश रेट किती, तेच विचारा.

कॉम्प्युटर. इथे लोक जास्त फसतात. ३२ इंची स्वस्त टीव्ही बहुतेक 'एचडी रेडी' असतो, म्हणजे आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. मालिका बरी दिसते, पण एक्सेलची अक्षरं फुटलेली दिसतात. फोर-केमध्ये ३८४० बाय २१६० ठिपके असतात. ४३ इंची फोर-के टीव्हीवर एका इंचात साधारण १०२ ठिपके येतात आणि अक्षर स्वच्छ दिसतं. ५५ इंचीत तेच ८० होतात, म्हणून तो जवळून वाचायला तितका बरा नाही.

लॅपटॉप घेऊनच दुकानात जा. आपली केबल लावा आणि काळ्या पार्श्वभूमीवर लाल अक्षरं उघडा. काठ पुसट दिसले तर त्या जोडणीला 'पीसी' असं नाव द्यायला सांगा. काही टीव्हींत तेवढ्यानं अक्षरं सुधारतात. पडद्याच्या कडा कापल्या जात असतील तर चित्राच्या आकारात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' निवडा. आणि हे लक्षात ठेवा की जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून फोर-के सेकंदाला ३० वेळाच जातं. माउस अडखळत चालतो आणि दोष टीव्हीला लागतो.

दुकानातले टीव्ही मुद्दाम भडक करून ठेवलेले असतात. रिमोट मागा आणि 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' मोड लावा. मग दोन टीव्हींची तुलना करा. बाजूला सरकूनही बघा. घरात सगळेच समोर बसत नाहीत.

तिसरं काम: खरी किंमत

खोक्यावरची किंमत ही पूर्ण किंमत नसते. भिंतीवरचा स्टँड, वीज वर-खाली झाली तर वाचवणारं उपकरण, चांगली केबल आणि पातळ टीव्हीचा आवाज कमी पडला तर साउंडबार, हे वहीत लिहा. फोर-के सिनेमा बघायला साधारण १५ ते २५ एमबीपीएसचं इंटरनेट लागतं आणि अनेक ओटीटींची फोर-के योजना महाग असते. ती योजना घेणार नसाल तर फोर-केचा मुख्य फायदा कॉम्प्युटर आणि गेमलाच होईल.

विजेचा खर्च घाबरण्यासारखा नाही. १०० वॉटचा टीव्ही रोज पाच तास चालला तर महिन्याला १५ युनिट होतात. युनिटला सात रुपये धरले तर १०५ रुपये. बीईईच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात. दोन टीव्हींचे आकडे शेजारी ठेवून बघा.

एक चांगली बातमीही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जुन्या दरानं ३०,००० रुपयांना मिळणारा टीव्ही, मूळ किंमत तीच राहिली तर, सुमारे २७,६५० रुपयांना यायला हवा. बिलावर कराचा दर वाचा.

हप्त्याचा हिशेब

आता वही-पेन काढा. उदाहरणादाखल टीव्ही ३०,००० रुपयांचा, मुदत १२ महिने, व्याज वर्षाला १६ टक्के, प्रक्रिया शुल्क २९९ रुपये. क्रेडिट कार्डावरचा हप्ता धरू.

महिन्याचा हप्ता येतो सुमारे २,७२२ रुपये. वर्षभराचं व्याज २,६६३. कार्डावरच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४७९. प्रक्रिया शुल्क कर धरून ३५३. एकूण खिशातून गेले ३३,४९५ रुपये.

"पण आमचा हप्ता बिनव्याजी आहे," असं कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेनं १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते व्याज बहुधा प्रक्रिया शुल्काच्या आड लपवलेलं असतं. आज हे साधारण असं चालतं. विक्रेता व्याजाएवढी सूट आधी कापतो आणि बँक ते व्याज हप्त्यात लावते. आपल्या उदाहरणात बारा हप्ते २,५०० चे, बेरीज ३०,०००. त्यात व्याज दडलेलं आहे सुमारे २,४४६ रुपये. त्यावरचा जीएसटी ४४० आणि शुल्काचे ३५३ आपल्यालाच भरावे लागतात. म्हणजे 'बिनखर्ची' हप्त्याचा खर्च झाला ७९३ रुपये. शिवाय रोख घेतला असता तर मिळणारी सूटही बहुधा गेली.

फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर 'मुख्य तथ्य विवरण' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते देणं बंधनकारक आहे. त्यात सगळं शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. नकळत विमा जोडला आहे का, तेही तिथेच दिसतं. क्रेडिट कार्डाला हा नियम लागू नाही, म्हणून कार्डाच्या हप्त्याचे आकडे स्वतः विचारून लिहून घ्या.

आणि एक हप्ता जरी चुकला, तरी दंड लागतो आणि त्याची नोंद पतअहवालात जाते. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की टीव्हीचा चुकलेला हप्ता समोर येतो. प्रत्येक पतमाहिती कंपनीला वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. तो मागवून बघत जा.

उलटा हप्ता

आता तेच २,५०० रुपये दरमहा आपल्याच खात्यात भरा. बारा महिन्यांची आवर्ती ठेव, साडेसहा टक्के धरले तर वर्षअखेर हातात येतात सुमारे ३१,०५० रुपये. कर्जदारानं त्याच टीव्हीला ३३,४९५ मोजले. दोघांतला फरक अडीच हजारांच्या आसपास नाही का, असं कोणी विचारेल. नाही. बचतदाराचेही ३०,००० टीव्हीला जातात आणि १,०५० शिल्लक राहतात. कर्जदाराचे ३,४९५ जास्त गेले. दोन्ही मिळून फरक ४,५४५ रुपयांचा होतो. स्टँड, केबल आणि वीज सांभाळणारं उपकरण त्यात निघून जातं.

बचतदाराला वर्षभर थांबावं लागतं, हे खरं आहे. त्या थांबण्याचीही किंमत असते. पण थांबताना दोन गोष्टी घडतात. घरातली चर्चा थंड डोक्यानं होते. आणि मध्येच कोणी आजारी पडलं, गावाकडे तातडीनं जावं लागलं, तर पैसा आपल्या खात्यात असतो. ठेव मोडता येते. हप्ता मोडता येत नाही. ऋण काढून सण करू नये असं आपले वडीलधारे म्हणत, त्यामागे हाच हिशेब होता.

म्हणून माझा नियम असा आहे की तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला असल्याशिवाय टीव्हीची ठेवही सुरू करू नका.

बिल, नोंदणी, तक्रार

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि सीरियल नंबर असू द्या. टीव्हीवर बीआयएसची नोंदणी खूण आणि 'आर'नं सुरू होणारा क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. पॅनेलची वॉरंटी किती, हे वेगळं विचारा. घरी बसवताना खोका आपल्यासमोर उघडायला लावा आणि एकरंगी पडदा लावून मेलेले ठिपके बघा.

विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. खरेदी दुसऱ्या शहरातून ऑनलाइन केली असली तरीही. बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं चुकीचे पैसे कापले तर आधी त्यांच्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी क्रमांक १४४४८.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक काका: मुलाला अभ्यासाला कॉम्प्युटर लागतो. मग मोठा टीव्हीच घेऊन दोन्ही कामं भागवू का?*

काका, तो रोज किती तास बसणार? अर्धा-एक तास असेल तर ४३ इंची फोर-के चालेल. चार-पाच तास दोन फुटांवर बसून वाचायचं असेल तर २४ इंची फुल एचडी मॉनिटर वेगळा घ्या आणि टीव्ही लहान घ्या. एका मोठ्या टीव्हीपेक्षा हे दोन्ही मिळून अनेकदा स्वस्त पडतं. मुलाचा अभ्यास आणि तुमच्या बातम्या एकाच पडद्यासाठी भांडणार नाहीत, हा आणखी एक फायदा.

*एक वहिनी: दसऱ्याच्या सेलची सूट निघून गेली तर?*

वहिनी, सेल परत येतो. दसरा-दिवाळी झाली की २६ जानेवारी, मग १५ ऑगस्ट. ठेव अशी सुरू करा की ती दसऱ्याच्या आठवडाभर आधी पूर्ण होईल. मग सेल तुमच्या सोयीचा होतो. आणि सूट बघताना छापील किमतीवर जाऊ नका. ते मॉडेल महिनाभर आधी किती रुपयांना होतं, ते वहीत लिहून ठेवा.

*एक तरुण: माझ्याकडे पूर्ण पैसे आहेत. बिनखर्ची हप्ता घेतला आणि पैसे बँकेतच ठेवले तर फायदा नाही का?*

चांगला प्रश्न आहे. हिशेब करू. तुमचे ३०,००० बचत खात्यात आणि दरमहा त्यातून २,५०० जातात. अडीच टक्क्यांनी वर्षात व्याज मिळेल सुमारे ४०० रुपये. हप्त्याचा खर्च ७९३. म्हणजे तोटा. साडेसहा टक्के मिळाले तर १,०५० येतील आणि अडीचशे रुपये सुटतील, पण दरमहा पैसे काढता येतील अशा खात्यात तो दर सहसा मिळत नाही. आणि रोख घेतल्यावर दुकानदार हजार रुपये कमी करत असेल, तर तोही फायदा गेला. प्रक्रिया शुल्क शून्य असेल आणि रोखीची सूट काहीच नसेल, तरच विचार करा.

खरेदीला निघण्यापूर्वी

ही यादी पासबुकात ठेवा.

१. बसण्याचं अंतर किती फूट? भिंतीवर रुंदी किती बसते?
२. रोज सर्वांत जास्त तासांचं काम कोणतं: सिनेमा, गेम की कॉम्प्युटर?
३. गेमसाठी: गेम मोड आहे का? आपल्या कन्सोलला १२० लागतात का?
४. कॉम्प्युटरसाठी: आपला लॅपटॉप आणि केबल लावून अक्षरं पाहिली का?
५. स्टँड, केबल, इंटरनेट, ओटीटी धरून एकूण रक्कम किती?
६. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का?
७. रोखीची किंमत आणि हप्त्याची एकूण बेरीज, दोन्ही आकडे लिहून घेतले का?
८. बिल, सीरियल नंबर, पॅनेलची वॉरंटी आणि बीआयएस क्रमांक तपासला का?

यातल्या सहाव्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर बाकीचे प्रश्न पुढच्या वर्षासाठी ठेवा. टीव्ही दरवर्षी स्वस्त आणि चांगला होत चालला आहे. थांबणाऱ्याचं यात नुकसान होत नाही.